पारा परतला, सभा संपली

तीर्थस्वरूप अक्कांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार पोचावा. (आधी ‘यजमानांचा’ असं लिहिलं होतं, पण आता मी नेमका कुणाचा यजमान, असा प्रश्न पडला म्हणून खोडलं. खाडाखोडीबद्दल राग नसावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात ‘एक बरा आहे’ एवढंच लिहिलंत, कुठला ते लिहिलं नाहीत, त्यामुळे काळजी कुठल्या बाजूची करावी ते कळलं नाही. चिरंजीव आणि सूनबाई मजेत असतीलच. माझी तब्येत ठणठणीत आहे. वजन थोडं उतरलेलं दिसतं, पण आमचा काटा जुना आहे आणि त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. तुमची दोन पत्रं आली आणि दोन्हींना उत्तर गेलं नाही, याचं कारण आळस नव्हे. मी इतिहास लिहीत होतो. माणसाने जन्मभर भूगोल शिकवून पंचाहत्तरीच्या तोंडावर इतिहास लिहायला घेतला की काय होतं, ते सविस्तर कळवावं म्हणून हे पत्र.

इतिहास आपल्या कॉलेजच्या महिला मंडळाचा. तुम्हाला मंडळ माहीत आहेच, पण पार्श्वभूमी दिल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही, हा माझा गुण तुमच्या बहिणीने तुमच्या कानावर घातला असेलच. तर, कॉलेज निघालं तेव्हा गावापासून पाच मैलांवर नुसतं माळरान होतं. मधोमध दगडी इमारत, मागे प्राध्यापकांची घरं, आणि पुढे क्षितिज. आम्ही पुरुष सकाळी वर्गात शिरायचो ते संध्याकाळी बाहेर पडायचो. बायका काय करायच्या हे आम्ही विचारलं नाही, कारण त्या घरी असायच्या आणि घरी असणं हे करणंच आहे अशी आमची समजूत होती. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी हिने मंडळ काढलं आणि पुढची चाळीस वर्षं ती चिटणीस राहिली. सभा दर शनिवारी चार ते साडेसहा, आमच्याच बैठकीच्या खोलीत, कारण माझ्या विभागाने मोडीत काढलेल्या बारा घडीच्या खुर्च्या आमच्याकडे होत्या. नियम चौथा : सभेच्या वेळात घरातल्या पुरुषाने घराबाहेर राहावे. घरातला पुरुष मी एकटाच होतो, त्यामुळे हा नियम सगळ्या कॉलेजात फक्त मला लागू होता. शनिवारी पावणेचार झाले की ही माझी टोपी माझ्या हातात द्यायची. मी वाचनालयात जाऊन बसायचो, वाचनालय बंद असलं तर विभागाच्या पायऱ्यांवर. याबद्दल मी कुरकुर केली नाही असं म्हणता येणार नाही. तुमच्यासमोरच केलेली मला आठवते.

ही आजारी पडली तेव्हा तिला आवाजाचा त्रास नको म्हणून मंडळ आपण होऊन व्यायामशाळेशेजारच्या खोलीत गेलं. ही गेली, त्यालाही आता दोन वर्षं झाली. मंडळ तिकडेच राहिलं. टेबल टेनिसच्या टेबलाभोवती बसतात म्हणे, आणि मधली जाळी काढायला कुणाला सुचत नाही म्हणून निम्म्या सभासद दुसऱ्या निम्म्यांशी जाळीतून बोलतात.

दीड महिन्यापूर्वी मंडळाच्या हल्लीच्या अध्यक्षा आमच्याकडे आल्या. आमच्याकडे प्राध्यापकांच्या बायकांना नवऱ्याच्या विषयावरून ओळखायची पद्धत आहे (गणितबाई, इतिहासबाई, ही अर्थातच भूगोलबाई). या मात्र स्वतःच रसायन शिकवतात, त्यामुळे ‘रसायनबाई’ हे नाव निदान त्यांच्या स्वतःच्या कमाईचं आहे. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं. कॉलेजला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका निघतेय, प्रदर्शन आहे, तर मंडळाच्या जुन्या नोंदवह्या मिळतील का, असं विचारायला त्या आल्या होत्या. वह्या अकरा, हिच्या कपाटात, तिने लावल्या तशाच. बाईंनी त्या उचलायला पिशवीही आणली होती. आता अक्का, मी देणार होतो. ‘घेऊन जा’ असंच म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, “इतिहास मी लिहून देतो.”

“सर, अर्धंच पान हवंय,” त्या म्हणाल्या.

अर्ध्या पानात इतिहास बसत नाही, त्याला साधनं तपासावी लागतात, मुलाखती घ्याव्या लागतात, असं मी त्यांना वीस मिनिटं समजावून सांगितलं. त्या रिकामी पिशवी घडी करून परत गेल्या. चहा विचारायचा राहिला, हे त्या फाटकाबाहेर पडल्यावर लक्षात आलं. ते खातं हिच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवसापासून बैठक मारली. पहिल्या वहीचं पहिलं पान जसंच्या तसं उतरवतो : “आज चौघी जमलो. काही ठरले नाही. पुन्हा जमायचे ठरले.” बास. खाली हिची सही. मी पीएच.डी.चे प्रबंध तपासले आहेत, पण एवढं निर्दोष लेखन माझ्या हाताखालून गेलेलं नाही. पुढच्या चार सभा मंडळाचा उद्देश काय असावा यावर झाल्या. ‘स्त्रियांचा सर्वांगीण विकास’ असा उद्देश एका सभासदाच्या यजमानांनी सुचवल्याची नोंद आहे, तो तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला आणि ‘गप्पा’ हा उद्देश मंजूर झाला. (सुचवणारे यजमान मीच होतो, आणि ते एक मत कुणाचं ते लिहिलेलं नाही. मी बराच विचार केला. हिचं असावं असं वाटतं. नसावं असंही वाटतं.) प्राचार्य म्हणाले, गप्पांसाठी मंडळाला मान्यता देता येणार नाही. तेव्हा कागदोपत्री ‘वाचन व चर्चा’ असं लिहून त्यांनी गप्पा सुरू केल्या.

तिसऱ्या वहीत मात्र मला जरा चटका बसला. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी बस आमच्या फाटकासमोरून भरधाव निघून जायची आणि मैलभर पुढे थांबायची. नवव्या वर्षी फाटकापाशी थांबा झाला. कॉलेजच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत ‘प्राचार्यांच्या अथक प्रयत्नांनी बसथांबा मिळाला’ असं छापलेलं आहे. ते वाक्य माझं, कारण संपादक मी होतो. नोंदवहीत वेगळंच निघालं. अकरा अर्ज करून उत्तर आलं नाही म्हणून मंडळाच्या चौदा जणी सलग आठ दिवस दुपारी रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यातच, खुर्च्या टाकून विणकाम करत बसल्या. बस आली की थांबायची. चालक आधी ओरडला, मग विनवण्या करायला लागला, पाचव्या दिवशी त्याने बायकोच्या स्वेटरचं माप विचारून घेतलं, नवव्या दिवशी तिथे खांब रोवला गेला. चौदांपैकी बारा खुर्च्या आमच्या. त्या आठवड्यात खुर्च्या कुठे गेल्या म्हणून मी शिपायाला फैलावर घेतल्याचं मला स्वच्छ आठवतं. ही रोज संध्याकाळी तांबडीलाल होऊन घरी यायची. मी व्हरांड्यातल्या तापमापकाकडे बघून तिला सांगायचो, आज एकतीस आहे, एवढं काही लागायला नको. ती ‘हो का’ म्हणायची.

इतपत ठीक होतं. पंधराव्या वर्षाच्या वहीत एक ठराव सापडला. “नियम चौथा आता गरजेचा राहिलेला नाही, घरातल्या पुरुषाने घरात राहण्यास हरकत नाही, सबब नियम रद्द. एकमताने मंजूर. संबंधितांना कळवण्याची जबाबदारी चिटणिसांनी घेतली आहे.” अक्का, संबंधित मी. चिटणीस ही. तिने मला कळवलं नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं मी दर शनिवारी टोपी घेऊन, नियम नसताना, स्वतःच्या घरातून बाहेर पडत होतो. एकदा अंगात ताप असताना पायऱ्यांवर बसून होतो. वही मिटून मी हिच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत ती नेहमीसारखीच, काहीतरी ठाऊक असल्यासारखी दिसते. त्यावरून पूर्वी आमचे वाद व्हायचे. आता एका बाजूने वाद घालण्यात अर्थ नाही, तरी मी पाच-दहा मिनिटं घातला.

या साऱ्यावर उतारा म्हणून की काय, मला एक अशी गोष्ट सापडली की मी खुर्चीतून उठलोच. जवळजवळ प्रत्येक सभेच्या शेवटी हिने हवामानाची नोंद केली होती! “पारा परतला, सभा संपली.” “आज पारा लवकर परतला, विषय अर्धवट.” “पारा उशिरा. सर्वांना आनंद.” दुपारी चढलेलं तापमान उतरून पारा सकाळच्या जागी परत यायची वेळ, चाळीस वर्षं, न चुकता. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या मागे लागून असली मालिका मिळवू शकलो नव्हतो, आणि ही माझ्याच घरात, मला न सांगता, नोंदी ठेवत होती. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मी तीन दिवस बसून आलेख काढला. त्यात एक अजब गोष्ट दिसली : थंडी असो, उन्हाळा असो, थोडं मागेपुढे सोडलं तर पारा साडेसहालाच परतत होता. शास्त्रात याला उत्तर नाही. मी ‘स्थानिक विशेष’ असं म्हणून त्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं, ‘मंडळाची हवामानविषयक जाण’.

खातरजमा करायला गणितबाईंकडे गेलो. पहिल्या चौघींपैकी आता गावात त्या एकट्याच उरल्या आहेत, वय ब्याऐंशी. कानाने त्यांचा कधीच निरोप घेतला आहे, पण त्यांना ते मान्य नाही. मी मंडळाच्या उद्देशापासून सुरुवात केली. त्यांनी ‘औषध’ ऐकलं आणि आतून मला खोकल्याची बाटली आणून दिली. मी खोकला नसल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन चमचे घ्यायला लावले. पाऱ्याबद्दल मोठ्याने विचारलं तर त्या पदराआड हसल्या. हे मी वयावर ढकललं.

मागच्या शनिवारी मंडळासमोर माझ्या इतिहासाचं वाचन होतं. नियम रद्द झालेला असल्याने मला आत जाता येत होतं, तरी दाराशी माझा पाय अडखळलाच. सतरा बायका, टेबल टेनिसचं टेबल, आणि मी त्रेसष्ट पानं घेऊन उभा. पहिल्या प्रकरणात (‘माळरानाची भूरचना’) तीन जणी विणायला लागल्या. बसथांब्याचं वाचलं तेव्हा सगळ्या ताठ बसल्या, आणि त्या रौप्यमहोत्सवी वाक्याबद्दल मी माफी मागितली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मग मला हुरूप आला आणि मी एकदम हवामानाच्या प्रकरणावर उडी घेतली. आलेख उलगडून जाळीवर टांगला. म्हटलं, नोंद बघा, ‘पारा साडेसहाला परतला’, ‘पारा आज रागावलेला दिसतो’ (याचा अर्थ वादळी हवा असा मी लावला होता). विणणाऱ्या थांबल्या. रसायनबाई खिडकीबाहेर काहीतरी शोधायला लागल्या. जुन्यांपैकी दोघींचे खांदे हलत होते. मी आपला पट्टीने बिंदू दाखवतोय. शेवटी गणितबाईंनी, ज्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं पण आलेख दिसत होता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “अहो भाऊ, पारा म्हणजे तुम्ही.”

यावर जे हसू फुटलं, अक्का, ते व्यायामशाळेतली मुलं बघायला आली इतकं. मी पट्टी खाली ठेवली. गेली चाळीस वर्षं सगळ्या कॉलेजात मला ‘पारा’ म्हणत आले होते आणि मी त्याचा आलेख काढला होता.

मग त्यांनीच मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि नाव कसं पडलं ते सांगितलं. कुठल्याशा वार्षिक संमेलनात हिने एकपात्री केलं होतं, ‘घरचे हवामान’. (नोंदवहीत फक्त ‘खूप हशा’ एवढंच आहे.) पुढे दरवर्षी त्याची फर्माईश व्हायची. ही नक्कल करते हेच मला ठाऊक नव्हतं. घरी ती फार बोलायचीसुद्धा नाही, किंवा असं म्हणू या, घरी बोलणारा दुसरा होता. एकीने गणितबाईंना खुणेने सांगितलं, करून दाखवा. त्या काठी टेकत उठल्या. दारातून आत आल्या, काठीवर टोपी अडकवल्यासारखं केलं, बायको उभी असेल तिथे अजिबात न बघता भिंतीपाशी गेल्या, डोळे बारीक करून वाकल्या, आणि माझ्या आवाजात म्हणाल्या, “एकतीस.” अक्का, तो मीच होतो. मान वाकवण्याची तऱ्हासुद्धा. मला वाटलं एवढंच असेल, आणि मी हसायचं ठरवत होतो. पण त्या तशाच थांबल्या आणि म्हणाल्या, शेवट राहिलाय. ही म्हणे दरवेळी इथे जरा थांबायची, मग बायकांकडे वळून, नक्कल सोडून, आपल्याच आवाजात म्हणायची : “हसू नका गं. एवढं मोठं कॉलेज आहे, पण तापमान सांगायला त्यांना मीच लागते.”

गणितबाई त्यांच्या जागेवर जाऊन बसल्या. मला काही बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, अर्धं पान कधीपर्यंत हवंय. रसायनबाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत चालेल. तो तापमापक व्हरांड्यात अजून आहे. दोन वर्षं मी रोज घरात शिरताना तो बघतो. बघतो आणि आत जातो.

इतिहासाचं पुढे काय झालं ते सांगतो. त्रेसष्ट पानांचं अर्धं पान मी रविवारी केलं. त्यात बसथांब्याला चार ओळी दिल्या, हिच्या पहिल्या इतिवृत्ताचं वाक्य जसंच्या तसं दिलं, माळरानाची भूरचना काढून टाकली (वाईट वाटलं). वह्या सोमवारी मी स्वतः पोचवल्या, अकराच्या अकरा. ही आजारी पडल्यापासून मंडळाचं इतिवृत्त कुणी लिहिलंच नव्हतं, हे तिथे कळलं. बारावी वही कोरी आहे. रसायनबाईंनी ती माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, सर, तुम्हाला सभासद करता येणार नाही, पण लेखनिक म्हणून बसता का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. फाटकापर्यंत गेलो, विचार केला, परत येऊन हो म्हटलं.

तेव्हा मी एकंदरीत कामात आणि मजेत आहे. गुडघ्यांना जपा. इथली काळजी करू नये, करण्यासारखं काही नाही.

आपला,
भावोजी (ऊर्फ पारा)

ता. क. एक : मी लेखनिक झाल्यावर पहिलीच सूचना केली की सभा पुन्हा आमच्याकडे भराव्यात, त्या जाळीतून बोलण्यात अर्थ नाही. घरोघर जाऊन विचारलं, सर्वांना पसंत पडली. पण नियम दुसरा आडवा आला : सभा घरी भरवायची तर ती सभासदाच्याच घरी. हा कुणी रद्द केलेला नाही, मी अकराही वह्या तपासल्या. मी नुसता लेखनिक. तेव्हा आमच्या घरात एक सभासद राहायला हवी.

ता. क. दोन : सातव्या वहीत अशी नोंद आहे की आपण एकदा महिनाभर इथे राहायला होतात तेव्हा मंडळाने आपल्याला पाहुण्या सभासद करून घेतलं, ‘हयातभर’. हे आपण विसरलेल्या दिसता. कायदा आपल्या बाजूने आहे. जिना चढावा लागणार नाही, पुढची खोली तुमच्यासाठी रिकामी करतो आहे. बसथांबा फाटकालाच आहे, हे वर आलंच.

ता. क. तीन : तुमच्या दोन्ही पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न होता, ‘घरात करमतं का?’ तो मी मुद्दाम टाळला असं वाटेल, म्हणून लिहितो. नाही. शनिवारी साडेसहाला परत यायचो तेव्हा खुर्च्या भलत्याच जागी असायच्या, कपात अर्धा अर्धा चहा असायचा, कुणाचा तरी चष्मा राहिलेला असायचा, आणि ही हसून हसून दमलेली असायची. मी ते सगळं आवरायला लावायचो. आता सगळं जागच्या जागी असतं.

ता. क. चार : उत्तराची वाट बघत बसायला नको म्हणून बाराव्या वहीत पुढच्या शनिवारच्या सभेचं पान मी आधीच भरून ठेवलं आहे, ‘उपस्थित’च्या खाली पहिलं नाव तुमचं. हिच्या वळणाचं अक्षर काढावं म्हणून चार वेळा लिहून पाहिलं. जमत नाही. तेव्हा माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, आणि ते खोटं ठरू नये एवढं बघा.